भुतापेक्षा टारबी भयंकर

लेकीकडे मिशिगनला आलं की पहिले चार दिवस कौतुकाचे. "आई, तू बस, दमली असशील." मग सगळे आपापल्या कामाला लागतात आणि सकाळी आठपासून दुपारी साडेतीनपर्यंत घरात मी आणि फ्रीजची घरघर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढावी लागते, आणि ती जावई काढणार तेव्हा. जन्मभर बँकेत कॅशच्या खिडकीत बसून निम्मी सांगली चेहऱ्यानं ओळखणाऱ्या बाईला हे जड जातं.

यंदा त्यावर नातीनं उपाय काढला. सई चौथीत आहे. इथल्या लायब्ररीतून एका वेळी कितीही पुस्तकं मिळत असावीत, कारण ही पोरगी पिशवी भरून आणते. त्यातलं एक तिनं माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "आजी, हे वाच. थोडंसंच स्केरी आहे. तू घाबरणार नाहीस."

ऐकून घ्या! मी ज्या घरात वाढले त्याच्या परसातल्या पिंपळावर मुंजा होता, नदीच्या डोहात गिऱ्हा होता आणि ओढ्याच्या वळणावर चकवा, जो भल्याभल्यांना रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवायचा. आमच्यासाठी 'थोडंसंच' असं काही नव्हतं. भुतांची बालआवृत्ती निघायची होती अजून. आणि ही मला धीर देतेय.

पुस्तकाचं नाव 'द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स'. लेखक जॉन बेलेअर्स, पुस्तक आलं 1973 साली. आतली चित्रं एडवर्ड गोरी यांची, अंधार बारीक काळ्या टाक्यांनी विणून काढावा तशी. हे पुस्तक आधी मोठ्यांसाठीच लिहिलं होतं म्हणे, मग प्रकाशकाच्या सांगण्यावरून मुलांसाठी बदललं. वाचताना ते जाणवतं. लेखक मुलांसमोर वाकून, गालगुच्चा घेत बोलत नाही. अवघड शब्द आला तर येऊ देतो.

मी ते आधी दुपारी एकटीनं वाचून काढलं. मग रात्री सईबरोबर, ती मोठ्यानं वाचणार आणि मी ऐकणार. माझे इंग्रजी उच्चार तिला पसंत नाहीत.

गोष्ट 1948 सालची, आणि इथलीच, मिशिगनमधल्या न्यू झिबिडी नावाच्या काल्पनिक गावातली. लुइस बार्नावेल्ट हा दहा वर्षांचा मुलगा. आईवडील मोटार अपघातात गेलेले. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातून एकटा बसनं येतोय, कधी न पाहिलेल्या जोनाथनकाकाकडे कायमचा राहायला. पोरगा चांगला गुटगुटीत आहे. केसांना क्रीम-तेल थापून चापूनचोपून भांग पाडलेला. असा फोटो आमच्या पिढीत घरटी एक सापडेल. खेळात त्याला कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर सगळ्यांत शेवटी.

त्या बसमध्येच लेखकानं एक गोष्ट केलीय, जी मला पहिल्या वाचनात नुसती आवडली आणि दुसऱ्या वाचनात लक्षात आली. लुइस कॅथलिक आहे, चर्चमध्ये पूजेच्या वेळी धर्मगुरूंच्या हाताखाली उभा राहणारा. त्यामुळे त्याला लॅटिन प्रार्थना पाठ आहेत. अंधारात बस चाललीय आणि त्याच्या डोक्यात त्यातल्याच ओळी घोळतायत. त्यांचा अर्थ साधारण असा, की देवा, तू माझं बळ आहेस, मग मला दूर का लोटलंस? आम्हालाही अर्थ कळायच्या आत रामरक्षा आणि भीमरूपी पाठ झालेली होती, आणि संडासला परसात जाताना ती आपोआप तोंडात यायची. त्यामुळे हा मुलगा मला लगेच आपल्यातला वाटला. पण आमचं मागणं वेगळं होतं. मारुतीराया, भुतांना पळव, एवढंच. हा पोरगा भुताबद्दल बोलतच नाहीये. तो विचारतोय, मला का टाकलं.

तर काका. लाल दाढी, पोटावर लाल जाकीट, तोंडात पाइप. एकटा जीव, भल्यामोठ्या घराचा मालक. शेजारी मिसेस झिमरमन, कृश अंगाच्या, सुरकुतलेल्या, आणि जांभळ्या रंगाच्या इतक्या वेड्या की घरात दिसेल ती वस्तू जांभळी. काका आणि ही बाई एकमेकांना दिवसभर थेरड्या, चेटकिणी असल्या थाटाची नावं ठेवतात, आणि जेवायला रोज एकत्र. दोघांना जादू येते. काकाची कामचलाऊ, बाईंची खरी. त्यांच्याकडे रीतसर पदवी आहे.

आणि पहिल्या रात्री काय होतं? भूत येतं? छे. तिघं पत्ते खेळत बसतात. पोकर, परदेशी जुनी नाणी लावून. शेजारी चॉकलेटची बिस्किटं. भयकादंबरी लिहायला बसलेल्या माणसानं पानंच्या पानं या पत्त्यांना आणि बिस्किटांना दिली आहेत. सईला हा भाग इतका आवडला की आमच्याकडेही तो सुरू झाला. पोकर मला येत नाही आणि नातीला जुगार शिकवल्याचं लेकीला चाललं नसतं, म्हणून पाच-तीन-दोन. ते तिघांचंच असतं, मी, सई आणि जावई. नाणी माझ्या पर्समधली, सांगलीच्या रिक्षावाल्यानं परत दिलेली सुट्टी. सईच्या दृष्टीनं ती परदेशीच.

हे मी उगाच सांगत नाही. घर असं उबदार करून ठेवल्याशिवाय पुढची भीती उभी राहत नाही. ज्याला जायला जागाच नाही, त्याला पहिल्यांदा एक जागा मिळालीय, आणि ती इतकी छान आहे की आता ती जाईल या विचारानं पोटात गोळा यावा. लुइसला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ही एकच भीती आहे. काका मला परत पाठवील का? बाकीची भुतं तिच्या आधारानं उभी आहेत.

आता घड्याळ. रात्री लुइसला जाग येते तेव्हा काका हातात विजेरी घेऊन घरभर हिंडत असतो, भिंतींवर टकटक करत, कान लावत. या घराचा आधीचा मालक आयझॅक इझार्ड, दुष्ट जादूगार, मरण्यापूर्वी भिंतीत कुठंतरी एक घड्याळ दडवून गेलाय. ते टिकटिकतं. कुठल्याही खोलीत जा, त्याच खोलीच्या भिंतीत असल्यासारखं वाटतं. ते कशाची वेळ मोजतंय हे कुणाला ठाऊक नाही, पण चांगल्या कशाची नसणार. म्हणून काकानं घरभर इतर घड्याळं टांगून ठेवली आहेत, त्यांच्या आवाजात हा आवाज बुडावा म्हणून.

ही कल्पना मला भारी वाटली, आणि खरं सांगायचं तर इथं मी जराशी घाबरलेही. त्याला कारण आहे. आमच्या आजोळी कृष्णाकाठी सोप्यात लंबकाचं ठोक्याचं घड्याळ होतं. दर तासाला तासाइतके ठोके, आणि मधल्या अर्ध्या तासाला एक. मोठ्या माणसांना यात काही वावगं दिसत नाही, कारण मोठी माणसं रात्री झोपतात. पण मध्यरात्रीनंतर जाग आलेल्या पोरानं करायचं काय? साडेबाराला एक ठोका. एक वाजता एक. दीडलाही एकच. डोक्यावरून गोधडी घेऊन पडायचं, एक ठोका ऐकायचा, आणि युगानंतर पुन्हा एकच. वेळ पुढं सरकतच नाही. चुलत मामेभाऊ ओळीनं घोरतायत आणि आपण एकटेच त्या एका ठोक्यात अडकलोय. दोन ठोके ऐकू आले की जीव भांड्यात पडायचा. त्या घड्याळाला कुणा जादूगाराची गरज नव्हती.

सईला हे सांगितलं तर तिनं शांतपणे विचारलं, "मग तू फोनमध्ये का नाही बघितलंस?"

पुढं टारबी येतो. टारबी कॉरिगन, वर्गाचा हिरो, बेसबॉलमध्ये सगळ्यांच्या पुढं. तो झाडावरून पडतो, हात मोडतो, आणि प्लास्टर आहे तोवर त्याला खेळता येत नाही. त्या रिकाम्या आठवड्यांत तो लुइसशी दोस्ती करतो. त्याला चेंडू मारायला शिकवतो. लुइस स्वर्गात. आणि मग हात बरा व्हायला लागतो.

इथं सईनं पुस्तक मिटलं.

तोवर तिनं काय काय पचवलं होतं! मधली सगळी गूढ प्रकरणं तिनं सफरचंद खात वाचली. फाशी गेलेल्या माणसाच्या हाताचा दिवा करतात, तो समोर धरला की माणूस जागच्या जागी थिजतो, असली एक युरोपातली जुनी समजूत आहे. तीही या पुस्तकात येते. ते मी तिला आधी सांगून ठेवलं, बिचकू नये म्हणून, तर म्हणाली, "कूल." आणि इथं, जिथं नुसता एका मुलाचा हात बरा होतोय, तिथं ती म्हणाली, "आजी, पुढचं नको."

"का गं?"

"आता टारबी याच्याशी खेळणार नाही."

मी काही बोलले नाही. ती पांघरुणाच्या कडेचा दोरा ओढत बसली. मग म्हणाली, की वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी तिच्याबरोबर डबा खायची. यंदा दुसऱ्या टेबलावर बसते.

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. मी तिला माझे स्टिकर दिले. चांगले वाले."

"मग?"

"तिनं घेतले."

एवढंच. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. तिची तक्रार वेगळीच होती, की असलं भुताखेताचं झोपताना वाचलं तर पोरीला स्वप्नं पडतील. हीच लेक नववीत असताना पांघरुणात विजेरी घेऊन भयकथा वाचायची आणि मग मोरीत जायला मला उठवायची, ती गोष्ट वेगळी.

थोड्या वेळानं सईनं आपणहून पुस्तक उघडलं.

टारबी हातातून निसटतोय हे लुइसला कळतं. आधी तो काकाला गळ घालतो आणि काका मागच्या अंगणात दोघांना चंद्रग्रहण लावून दाखवतो. काय सुंदर प्रकरण आहे ते! पण टारबी त्यानं बधत नाही. मग लुइसच्या तोंडून निघून जातं की मी मेलेला माणूस उठवून दाखवतो. कुणी त्याला भरीला घातलेलं नाही, कुठल्या चेटकिणीनं भुरळ पाडलेली नाही. मित्र टिकावा म्हणून पोरगं बोलून गेलं, आणि आता मागं फिरता येत नाही. हॅलोविनच्या रात्री, मध्यरात्री, काकाच्या पुस्तकातला मंत्र चोरून दोघं कब्रस्तानात जातात. टेकाडात बांधलेलं एक थडगं, त्याला लोखंडी दारं. आतून धाडकन आवाज. कुलूप गळून खाली पडतं. आणि दाराशी थंडगार करड्या उजेडाचे दोन ठिपके तरंगायला लागतात.

बेलेअर्स इथं हात आखडता घेतो. रक्त नाही, किंकाळी नाही, सांगाडा नाही. दोन ठिपके. ती आयझॅकची बायको सेलेना, हे मागाहून कळतं. मुलांसाठी लिहिताना किती दाखवायचं याचा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. माझ्या आजीलाही होता. ती हडळीचे फक्त उलटे पाय सांगायची, चेहरा कधी सांगितला नाही. चेहरा आम्ही आमचा घातला, आणि तो अजून गेलेला नाही.

पण खरा छळ त्यानंतर सुरू होतो. टारबी दुसऱ्या दिवसापासून तोंड दाखवत नाही. समोरच्या रिकाम्या घरात एक नवी म्हातारी राहायला येते. भिंतीतली टिकटिक वाढते. काका रात्र रात्र झोपत नाही. आणि हे सगळं आपल्यामुळे, हे लुइसला ठाऊक आहे आणि तो सांगू शकत नाही. कारण सांगितलं तर काका परत पाठवील. पत्त्यांचा डाव अजून मांडला जातो, बिस्किटं अजून येतात, आणि त्याच्या घशाखाली उतरत नाहीत. वाचणाऱ्याला दिसत असतं की त्याला हाकलणं त्या काकाच्या स्वप्नातसुद्धा नाही. लुइसला दिसत नाही. बँकेत मी दोन रुपयांचा फरक लपवण्यापायी माणसं महिनाभर झुरलेली बघितली आहेत. तो तर दहा वर्षांचा.

मोटारीच्या पाठलागाचं प्रकरण मला सगळ्यांत आवडलं. रात्रीची वेळ, मागं एका गाडीचे दिवे, ते जवळ जवळ येतायत, आणि काका जीव खाऊन गाडी दामटतोय ती एका लोखंडी पुलाच्या दिशेनं. वाहतं पाणी आणि त्यावर लोखंड, की मागचं ते पलीकडं येऊ शकत नाही. वाचता वाचता मी सईला मध्येच थांबवलं आणि सांगितलं की तुझी आई जन्मली तेव्हा तुझ्या पणजीनं माझ्या उशाशी विळा ठेवला होता. बाळंतिणीपाशी लोखंड हवंच. भूत लोखंडाला भितं, हे मिशिगनच्या लेखकाला आणि माझ्या सासूबाईंना एकमेकांना न विचारता कसं कळलं कोण जाणे. सईला विळ्यात फार रस वाटला. लेकीला अजिबात नाही.

शेवट मात्र मला घाईचा वाटला. घड्याळ सापडतं ते अगदी आचरट पद्धतीनं. प्रश्न विचारून हलवायचा काळा चेंडू असतो ना, ज्याच्या खिडकीत उत्तर तरंगून येतं, तो चेंडू सांगतो, कोळशाच्या जागेत शोधा. जादूला जादूनं नाही तर वेडेपणानं उत्तर द्यायचं, असा त्यामागं विचार आहे, आणि तो लुइसलाच सुचतो हेही बरं आहे. पण दोनशे पानं ताणून धरलेली दोरी चेंडूनं सोडवावी? सईचं मत उलट आहे. तिला तेच सगळ्यांत आवडलं, आणि आता तिला तो चेंडू हवाय.

टारबी परत येतो का? नाही. यासाठी मी लेखकाला पैकीच्या पैकी गुण दिले. शेवटी दोघांनी हातात हात घालावेत अशी सोय सहज करता आली असती. त्यानं केली नाही. त्याऐवजी लुइसला 'रोज रिटा' नावाची एक मैत्रीण मिळते, जिला जुन्या तोफांच्या सगळ्या प्रकारांची नावं पाठ आहेत. काही पटवून द्यावं लागत नाही, काही करून दाखवावं लागत नाही.

हे गाव खोटं असलं तरी त्याच्या मागचं गाव खरं आहे, आणि ते आमच्यापासून गाडीनं तासा-दीड तासावर निघालं. मार्शल. बेलेअर्सचा जन्म तिथला, 1938 चा. मग काय, ऑक्टोबरातल्या एका रविवारी जावयांना आय-94 महामार्गाला लावलं. "आई, तिथं बघायला काय आहे?" असं त्यांनी दोनदा विचारलं. गाव लहान आहे, पण घरं गावाच्या मानानं फारच मोठी. एकोणिसाव्या शतकात हे गाव मिशिगनची राजधानी होणार अशी गावकऱ्यांची खात्री होती. गव्हर्नरसाठी बंगलासुद्धा बांधून ठेवला होता. 1847 मध्ये राजधानी गेली लान्सिंगला, आणि बंगले राहिले इथं. पुस्तकातलं कारंजं आहे तिथं, खांबांच्या वर्तुळातलं. शेजारी होनोलुलू हाउस म्हणून एक विचित्र इमारत आहे, 1860 सालची. हवाई बेटांवर अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून राहून आलेल्या माणसानं बर्फाच्या मुलखात तिकडच्या धाटणीचा व्हरांडा बांधला. पुण्यात कुणी इग्लू बांधावं तसली हौस. आणि काकाचं घर ज्यावरून सुचलं ते क्रोनिन हाउस, उंच मनोऱ्याचं. त्यात माणसं राहतात, म्हणून आम्ही फुटपाथवरूनच बघितलं. सई कुंपणाला कान लावून उभी होती. जावई म्हणाले, "ऐकू येतंय का काही?" तर म्हणाली, "बाबा, गप्प राहाल तर येईल."

हॅलोविन तोंडावर आल्यामुळे सगळ्या गल्लीत घराघरांपुढं सांगाडे उभे होते, काही तर माडीपर्यंत पोचणारे. थडग्याचे थर्मोकोलचे दगड, झुडपांवर खोटी कोळिष्टकं. नुकताच आमचा पितृपक्ष झालेला. मी लेकीच्या मागच्या अंगणात कावळ्यासाठी पान ठेवलं होतं, ते खारीनं खाल्लं. आपल्या मेलेल्यांना आपण खीर-वडे वाढतो आणि हे लोक गंमत म्हणून दारात टांगतात, असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात एका प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या बरगडीत चिमणीनं काड्या भरलेल्या दिसल्या. म्हटलं, चला, कुणीतरी घर केलंय.

परत आल्यावर 2018 चा सिनेमा बघितला. जॅक ब्लॅक काका, केट ब्लँचेट मिसेस झिमरमन. केटबाई छान दिसतात जांभळ्यात. पण काय तो गोंगाट! भोपळे अंगावर येतात काय, तोंडातून लगदा फेकतात काय. ते सोडून देऊ, पोरांना आवडतं. माझा राग दोन गोष्टींवर. एक म्हणजे लुइस सडपातळ करून टाकलाय, डोळ्यांवर गॉगल चढवून. मग खेळात त्याला शेवटी का घेतात? गॉगलसाठी? दुसरी गोष्ट मोठी. सिनेमात लुइसच्या स्वप्नात त्याची मेलेली आई येते आणि त्या मंत्राच्या पुस्तकाकडं त्याला ढकलते, आणि ती आई नसून सेलेनाच निघते. म्हणजे पोरगं फसवलं गेलं, त्याचा दोष नाही. झालं, गोष्टीतला जीवच काढून घेतला. पुस्तकात त्याला कुणी फसवलेलं नाही. त्याला टारबी हवा होता, बस. सिनेमावाल्यांना वाटलं असणार, एवढंसं कारण पुरणार नाही. नऊ वर्षांच्या कुणाला तरी विचारायला हवं होतं.

सईनं आता याच मालिकेतली पुढची दोन पुस्तकं आणली आहेत. दुसऱ्यात लुइसच्या आजोबांच्या पेटीतलं एक नाणं आहे, तिसऱ्यात रोज रिटा आणि मिसेस झिमरमन फिरायला जातात. शिवाय तिची नवी मागणी आहे, की आजी, आता तुझी भुतं सांग. लेक म्हणाली, अजिबात नाही, मुंबईच्या विमानात बसायच्या आधी इथं गोंधळ घालून ठेवू नकोस. मी विचार केला आणि मधला मार्ग काढला. मुंजा सांगणार. तो लुइसच्याच वयाचा, मुंज झालेली आणि लग्नाआधीच गेलेला, पिंपळावर एकटा बसून खालून जाणाऱ्यांकडं बघणारा. त्याला खेळायला कुणी नाही, म्हणून खडे मारतो. सईला तो कळेल. चकवाही चालेल, त्यात रस्ता चुकण्यापलीकडं काही नाही. खवीस आणि गिऱ्हा पुढच्या वर्षी बघू. हडळ नाही. हडळ तिची आई ठरवील तेव्हा, आणि सांगायला मीच लागेन, कारण लेकीला ती अर्धीच माहीत आहे. दरवेळी विहिरीपर्यंत गोष्ट आली की कानांत बोटं घालायची.